अम्मपाऱ्यापासून

कुराण एकदा सलग वाचून काढायचे असे मी ठरवले, त्याला आता बरीच वर्षे झाली. मराठी भाषांतराचा जाडजूड ग्रंथ ग्रंथालयातून आणला, पहिले पान उघडले आणि एखादी कादंबरी वाचावी तशी वाचत निघाले. पहिला अध्याय अवघ्या सात आयतींचा, म्हणजे वचनांचा, आणि प्रार्थनेचा; तो क्षणात संपला. दुसरा सुरू झाला आणि संपेचना. त्यात आदमची उत्पत्ती आली, मूसाच्या लोकांच्या तक्रारी आल्या, मग उपवासाचे नियम, घटस्फोटाचे नियम, दानाचे महत्त्व, युद्ध, व्याज. एक विषय जरा कुठे आकार घेतो आहे असे वाटावे तोवर दुसराच सुरू होई. कोण बोलत आहे आणि कोणाशी, हेही दर चार ओळींनी बदलल्यासारखे वाटे. अर्थ लागावा म्हणून भाषांतरकाराने जागोजागी कंसात शब्द घातले होते, आणि त्या कंसांच्या कुंपणांवरून उड्या मारत मारत मी दीडशेव्या आयतीच्या आसपास थांबले. मुदत संपली तेव्हा ग्रंथ परत केला आणि हा आपल्यासाठी नाही असे मनाशी ठरवून टाकले.

मिरजेला आमच्या घरासमोरच्या वाड्यात एक निवृत्त शिक्षक राहतात. उर्दू शाळेत त्यांची सारी नोकरी झाली. गल्लीत सगळे त्यांना मास्तरच म्हणतात आणि मीही तेच म्हणते. सुट्टीला माहेरी गेले असताना मी त्यांना माझी ही फजिती सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "बेटा, तू पुढून सुरू केलंस. आमच्यात पोरं मागून सुरू करतात."

ते खरेच आहे. मशिदीच्या मकतबात मूल जाते ते आधी कायदा शिकते, म्हणजे अरबी अक्षरओळख, त्यावरच्या जबर, जेर, पेश या खुणा आणि त्यांची जोडणी. मग हातात येतो तो अम्मपारा. सगळे कुराण वाचनाच्या सोयीसाठी तीस भागांत वाटलेले आहे. त्या भागाला अरबीत जुझ म्हणतात आणि आपल्याकडे पारा किंवा सिपारा. प्रत्येक पाऱ्याला त्याच्या पहिल्या शब्दावरून नाव पडते, आणि तिसावा पारा 'अम्म' या शब्दाने उघडतो म्हणून तो अम्मपारा. कुराणात एकूण 114 अध्याय, म्हणजे सूरा आहेत आणि त्यांतल्या 37 या शेवटच्या एका पाऱ्यात मावतात, यावरून त्या किती लहान आहेत हे कळावे. तीन आयतींची सूरा आहे, चार आयतींची आहे. उलट मी जिथे बुडाले त्या दुसऱ्या सूरेत 286 आयती आहेत आणि ती एकटीच अडीच पारे व्यापून बसते.

सूरांचा हा क्रम काळाचा नाही. फातिहा ही प्रारंभीची प्रार्थना सोडली तर ढोबळमानाने मोठ्या सूरा आधी आणि लहान सूरा शेवटी, अशी मांडणी आहे. अवतरणाचा काळ पाहिला तर चित्र जवळजवळ उलटे होते. मुहम्मद पैगंबरांना साधारण 610 पासून 632 पर्यंत, चांद्रवर्षांच्या हिशेबाने तेवीस वर्षे, हे शब्द थोडेथोडे लाभले अशी श्रद्धा आहे. आरंभीची वर्षे मक्केतली, विरोधाची आणि एकटेपणाची. तेव्हाच्या सूरा छोट्या, श्वास अडकवणाऱ्या, कयामतीच्या दृश्यांनी भरलेल्या. 622 मध्ये ते मदीनेला गेले, तिथे समाज उभा राहिला आणि मग वारसा, विवाह, करार, तह यांची भाषा आली. मी मदीनेपासून सुरुवात केली होती. मकतबातले पोर मक्केपासून करते.

त्या सुट्टीत मास्तरांनी मला अम्मपारा वाचून दाखवला. त्यांनी आधी हातपाय धुऊन वुजू केला, कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवरून कापडी जुजदानात गुंडाळलेली प्रत काढली, लाकडी रेहल उघडून तिच्यावर ठेवली. मला आमच्या आजोबांच्या गुरुचरित्राची आठवण झाली. तीही अशीच रेशमी रुमालात, देवघरातल्या वरच्या कोनाड्यात असे, आणि सप्ताहाच्या दिवसांतच खाली येई. ती पोथी बायकांनी वाचू नये असा तेव्हा दंडक होता. आजीने ती आयुष्यात उघडली नाही, पण माजघरात वाती वळत बसून इतकी पारायणे ऐकली होती की आजोबांची ओवी कुठे चुकली तर ती आतून खाकरत असे. आजोबा मागे जात आणि ती ओवी पुन्हा म्हणत.

पारायण हा शब्द मनात आला आणि माझी पहिली गाठ सुटली. कुराणाचे तीस भाग महिन्याच्या तीस दिवसांसाठी आहेत. त्याशिवाय त्याचे सात भागही केलेले आहेत, त्यांना मंझिल म्हणतात, म्हणजे रोज एक मुक्काम गाठत आठवड्यात वाचन पुरे व्हावे. सप्ताहाची सवय असलेल्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. एका बैठकीत कथा समजून घेऊन मिटून ठेवण्याचा हा ग्रंथ नव्हे. तो पुन्हा पुन्हा, मोठ्याने, आयुष्यभर म्हणायचा आहे. एकच गोष्ट दहा ठिकाणी तुकड्यातुकड्यांनी का येते, याचेही उत्तर त्यात आहे. मूसाचे नाव कुराणात शंभराहून अधिक वेळा येते आणि प्रत्येक वेळी प्रसंगाला लागेल तेवढीच त्याची कथा सांगितली जाते, कारण ऐकणाऱ्याला ती आधीच ठाऊक आहे हे गृहीत आहे. सलग सांगितलेली मोठी कथा एकच, युसुफची, बाराव्या सूरेतली, आणि कुराण स्वतःच तिला उत्तम कथा म्हणते.

आपण मराठीत पुराणाच्या चालीवर कुराण म्हणतो आणि त्यात 'ण' घालतो. मूळ शब्द कुरआन असा, मध्ये किंचित अडखळणारा आहे. ज्या धातूवरून तो आला त्याचा अर्थ वाचणे, पठण करणे. हिरा नावाच्या गुहेत, मक्केजवळच्या डोंगरावर, चाळिशीतल्या मुहम्मदांना जिब्रील हा देवदूत दिसला आणि त्याने पहिला शब्द उच्चारला तो याच धातूचा: इक्रा. वाच. परंपरा सांगते की "मला वाचता येत नाही" असे उत्तर त्यांनी दिले, तीनदा हेच घडले, दर वेळी देवदूताने त्यांना घट्ट आवळले आणि मग पुढचे शब्द आले: वाच, आपल्या पालनकर्त्याच्या नावाने, ज्याने निर्माण केले. थरथरत ते घरी आले आणि पत्नी खदीजा यांना म्हणाले, मला पांघरूण घाला. हे शब्द प्रथम ज्यांनी मानले त्या अशा रीतीने एक स्त्री होत्या.

ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याला 'वाच' असे सांगणे विचित्र वाटते खरे, पण ते वाटते कारण आपल्यासाठी वाचणे म्हणजे डोळ्यांनी कागदावरून फिरणे. मराठीतला 'वाचणे' हा शब्द तरी कुठून आला? 'वाचा' या शब्दाचेच ते भावंड आहे. मुळात वाचणे म्हणजे बोलते करणे. इक्रा या आज्ञेसमोर कागद नव्हता. जे ऐकू येते आहे ते तुझ्या तोंडून उमटू दे, एवढीच ती आज्ञा होती. म्हणूनच कुराणात 'कुल', म्हणजे 'सांग', हा शब्द तीनशेहून अधिक वेळा येतो आणि प्रत्येक ठिकाणी तो जसाच्या तसा म्हटलाही जातो. निरोप्याने निरोप सांगताना 'सांग' हा शब्दही गाळायचा नाही, अशी ही निष्ठा आहे. मुसलमान घरांत झोपण्यापूर्वी लहान मुलांकडून जे 'चार कुल' म्हणून घेतात, त्या याच शब्दाने सुरू होणाऱ्या शेवटाकडच्या चार छोट्या सूरा.

ग्रंथ म्हणून तो बांधला गेला त्याची हकीकतही आवाज हरवण्याच्या भीतीतून सुरू होते. पैगंबरांच्या निधनानंतर यमामाच्या लढाईत कुराण मुखोद्गत असलेले पुष्कळ लोक मारले गेले, तेव्हा पैगंबरांचे सहकारी उमर यांनी पहिले खलिफा अबू बक्र यांच्याकडे आग्रह धरला की हे लिहून एकत्र केले पाहिजे. काम सोपवले गेले ते झैद बिन साबित या तरुण लेखनिकाकडे. एखादा डोंगर हलवायला सांगितले असते तरी ते याहून जड वाटले नसते, असे झैद पुढे म्हणाले. खजुराच्या फांद्यांच्या देठांवर, पातळ दगडांवर आणि माणसांच्या छातीत जे होते ते त्यांनी गोळा केले. ही 'माणसांच्या छातीतून' अशी शब्दयोजना त्यांचीच आहे. ती संहिता शेवटी उमर यांची कन्या हफ्सा यांच्याकडे राहिली. 650 च्या सुमारास तिसरे खलिफा उस्मान यांनी तिच्यावरून प्रती करवून प्रमुख शहरांना पाठवल्या आणि पाठभेदांची भांडणे नकोत म्हणून बाकीच्या लिखित प्रती जाळायला लावल्या.

त्या जुन्या प्रती आज आपल्यासमोर ठेवल्या तर अरबी जाणणाराही गोंधळेल. त्या लिपीत ऱ्हस्व स्वरांच्या खुणा नव्हत्या आणि नुक्तेही, म्हणजे अक्षरांचे ठिपकेही, अगदी विरळ होते; बा, ता, सा, नून आणि या ही पाच अक्षरे शब्दाच्या मध्ये आली की फणीच्या एकेका दात्यासारखी सारखीच दिसत. अशा लिखाणाचा उपयोग ज्याला मजकूर आधीच पाठ आहे त्यालाच, गायकाला वहीतल्या बंदिशीचा असतो तसा. खुणा आणि नुक्ते नंतरच्या पिढ्यांनी पक्के केले, इस्लाम अरबी न बोलणाऱ्यांत पसरला आणि उच्चार चुकू लागले तेव्हा. बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात चामड्याची दोन पाने आहेत. 2015 मध्ये जाहीर झालेल्या कार्बन चाचणीप्रमाणे त्या चामड्याचा काळ 568 ते 645 यांच्या दरम्यान पडतो. म्हणजे ज्या जनावराचे ते कातडे, ते पैगंबरांच्या हयातीत किंवा तिच्या जवळपास चरत असावे. चित्र पाहिले तर ओळी किती स्वच्छ आणि मोकळ्या दिसतात. तरी त्या पानांपेक्षा मला मशिदीतला पाठ जुना वाटतो, आणि हे मी भाविकपणाने म्हणत नाही. वेदांच्या पदपाठ-घनपाठाच्या प्रदेशात वाढलेल्या कोणालाही हे पटेल.

पाठभेद पूर्णपणे मिटले असेही नाही. दहाव्या शतकात इब्न मुजाहिद यांनी सात मान्य वाचनपद्धती निश्चित केल्या. आपल्याकडे आणि जगात बहुतेक ठिकाणी आसिम यांची, हफ्स यांनी सांगितलेली पद्धत चालते. मोरोक्कोकडे वर्श यांची. फरक बारीक आहेत. फातिहामध्ये ईश्वराला आपल्याकडे न्यायदिनाचा 'मालिक' म्हणतात, तर वर्शच्या वाचनात तिथे 'मलिक' आहे. एक म्हणजे धनी, दुसरा म्हणजे राजा. आणि दोन्ही शुद्ध.

मिरजेत वाढल्यामुळे मला आवाजाचा कान थोडाफार आहे असा माझा समज होता. तंबोरे आणि सतारी बनवणारे हे गाव. पंढरपूरच्या बाजूने येणारे मोठे कडू भोपळे दुकानांच्या माळ्यावर टांगलेले आम्ही लहानपणापासून पाहिले. मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे आणि तिथे उरुसात दरवर्षी गाणे होते. मास्तरांकडे इजिप्तच्या अब्दुल बासित अब्दुस्समद यांच्या कुराणपठणाची एक ध्वनिफीत होती. ती ऐकताना त्यांचा श्वास संपेल असे वाटावे आणि तो संपू नये, स्वर चढत चढत जिथे फुटायचा तिथेच स्थिर व्हावा, असे काहीतरी झाले आणि मी म्हणाले, "मास्तर, काय गातात हो!" मास्तरांनी यंत्र बंद केले. "गात नाहीत. पढतात." आवाज चढा नव्हता, पण मला ओशाळल्यासारखे झाले.

गाणे आणि पढणे यांतला फरक त्यांनी मग नीट सांगितला. त्याचे शास्त्र आहे, त्याला तजवीद म्हणतात. प्रत्येक अक्षर घशाच्या, टाळूच्या, दाताच्या नेमक्या कोणत्या जागेवरून निघते ते ठरलेले; दीर्घ स्वर कुठे दोन मात्रा लांबवायचा आणि कुठे चार किंवा सहा, ते ठरलेले; नाकातला गुंजार कुठे हवा तेही ठरलेले. सुराला मोकळीक आहे, पण सुरासाठी अक्षराची मात्रा बदलण्याची मोकळीक नाही. ताल नाही, वाद्य नाही. "कल्ब म्हण," ते म्हणाले. मी म्हणाले. "याचा अर्थ झाला कुत्रा. आता 'क' खाली घशातून काढ." पाच-सहा प्रयत्नांनंतर तो निघाला. "आता झालं हृदय." भारतातल्या छापील प्रतींत आयतींच्या वर लहान अक्षरांत मीम, जीम, तोए अशा खुणा असतात, त्या थांबण्याच्या जागा. एका ठिकाणी नुसते 'ला' लिहिलेले असते, म्हणजे इथे थांबू नकोस. समासात ऐन हे अक्षर दिसले की एक रुकू, म्हणजे नमाजात एका वेळी म्हणण्याजोगा तुकडा, संपला. ते पान मला त्या दिवशी पहिल्यांदा स्वरलिपीसारखे दिसले, पण हे मास्तरांना सांगण्याचे धाडस केले नाही.

रमझानमध्ये रात्रीच्या तरावीहच्या नमाजात सगळे कुराण एकदा पुरे करतात. आमच्या गल्लीतल्या मशिदीत त्या वर्षी हाफिज होता तो विशीतला मुलगा, दिवसा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसणारा. हाफिज म्हणजे ज्याला संपूर्ण कुराण तोंडपाठ आहे तो. आपल्याकडे प्रचलित मोजणीनुसार 6236 आयती, ज्यांचा अर्थ अनेक हाफिजांना शब्दशः ठाऊक नसतो. रोज सव्वा पारा, म्हणजे सत्ताविसाव्या रात्रीच्या आत संपते. मी आमच्या गच्चीवर बसून ऐकत असे. एके रात्री तो अडखळला. एक आयत दोनदा म्हटली, पुन्हा मागून आला, पुन्हा तिथेच अडकला. शेकडो माणसे स्तब्ध उभी. मग पहिल्या रांगेतून एक म्हातारा आवाज आला, दोनच शब्दांचा, आणि पाण्याला वाट मिळावी तसे पठण पुढे सरकले. दुसऱ्या दिवशी विचारल्यावर कळले, की पाठीमागे असा एक ऐकणारा हाफिज मुद्दाम उभा करतात, त्याला सामे म्हणतात, आणि त्या दोन शब्दांना म्हणतात लुक्मा. लुक्मा म्हणजे घास. विसरलेल्याला घास भरवायचा. माजघरातून खाकरणाऱ्या आजीला असा सुरेख शब्द कोणी दिला नव्हता.

आता थोडे त्या घासांविषयी, म्हणजे जे मला मागून पुढे वाचताना लाभले त्याविषयी.

93 वी सूरा, दुहा. तिला आपल्याकडे वद्दुहा म्हणून ओळखतात. मध्यंतरी काही काळ एकही शब्द अवतरला नव्हता आणि मक्केतले लोक म्हणू लागले होते की याच्या देवाने याला टाकले. त्यावर ही सूरा येते, सकाळच्या उन्हाची आणि निवलेल्या रात्रीची शपथ घेऊन: तुझ्या पालनकर्त्याने तुला सोडलेले नाही आणि तो रुष्टही झालेला नाही. तू पोरका होतास, त्याने आसरा दिला नाही का? मुहम्मदांचे वडील त्यांच्या जन्माआधीच गेले होते आणि सहाव्या वर्षी आई गेली होती. म्हणून, सूरा पुढे म्हणते, पोरक्यावर जुलूम करू नकोस आणि याचकाला हिडीसफिडीस करू नकोस. अकरा आयतींत संपते.

80 वी, अबस, म्हणजे 'त्याने कपाळाला आठी घातली'. पैगंबर मक्केतल्या कुरैश टोळीच्या प्रतिष्ठितांशी बोलण्यात गुंतले होते, तेवढ्यात एक आंधळा माणूस काही विचारायला आला आणि त्यांनी कपाळाला आठी घालून तोंड फिरवले. पुढचा सगळा खडसावणीचा सूर त्यांनाच उद्देशून आहे: ज्याला गरज वाटत नाही त्याच्या मागे तू लागतोस आणि जो धावत आला त्याच्याकडे दुर्लक्ष करतोस. ज्याच्या तोंडून हे शब्द आले त्यालाच ते बोल लावतात, आणि तो ते सगळ्यांसमोर म्हणून दाखवतो. मला या सूरेचे महत्त्व मोठमोठ्या तात्त्विक सूरांहून अधिक वाटते. आणि तिच्या लगेच पुढची 81 वी, तकवीर: सूर्य गुंडाळला जाईल तेव्हा, तारे काळवंडतील तेव्हा, डोंगर चालवले जातील तेव्हा, अशी 'तेव्हा, तेव्हा' करत चढत जाणारी विश्वसंहाराची यादी, आणि त्या यादीच्या मध्येच, जिवंत पुरलेल्या मुलीला विचारले जाईल तेव्हा, की कोणत्या अपराधासाठी तुला मारले? सूर्य आणि डोंगरांच्या पंगतीत ती मुलगी बसवलेली आहे. प्रश्न मारणाऱ्याला नाही, तिला विचारला जातो. इथे माझा आवाज अडला होता हे मास्तरांनी पाहिले, पण ते काही बोलले नाहीत.

55 वी, रहमान, ही तर ऐकायचीच सूरा. तिच्या 78 आयतींत एकच पालुपद 31 वेळा येते: तर मग तुम्ही दोघे आपल्या पालनकर्त्याच्या कोणकोणत्या देणग्या नाकाराल? हे 'दोघे' म्हणजे माणूस आणि जिन्न. अरबीला संस्कृतसारखे द्विवचन आहे आणि त्या 'दोघां'चा प्रत्यय सूरेभर झांजेसारखा वाजत राहतो. मराठीत आणला की 'तुम्ही' एवढेच उरते आणि झांज बंद पडते. मुसलमान मंडळी तर्जुम्याला, म्हणजे भाषांतराला, कुराण मानत नाहीत, केवळ अर्थाची ओळख मानतात, याचा मला पूर्वी राग येत असे. आता येत नाही.

मागून येता येता मी शेवटी त्या अवघड दुसऱ्या सूरेपाशी पोचले आणि या वेळी ती चक्क आवडली. तिचे नाव बकरा, म्हणजे गाय. आपल्या बकऱ्याशी तिचा संबंध नाही. मूसा लोकांना सांगतात, ईश्वराची आज्ञा आहे, एक गाय बळी द्या. लोक विचारतात, कसली गाय? फार म्हातारी नाही, फार कोवळीही नाही. रंग कोणता? पिवळाधमक. पण गाई तर सगळ्या सारख्याच दिसतात, जरा नेमके सांगाल का? नांगराला न जुंपलेली, मोटेला न लावलेली, अंगावर डाग नसलेली. सरकारी कार्यालयांत त्रुटीवर त्रुटी काढून अर्ज परत पाठवणाऱ्या टेबलांची आठवण व्हावी असा हा संवाद आहे, फरक एवढाच की इथे टाळाटाळ अर्जदारांकडून चालली आहे. शेवटी त्यांनी गाय बळी दिली, "पण देतील असे वाटत नव्हते", असे मूळ आयतच मिश्किलपणे सांगते.

याच सूरेत कुराणातली सर्वांत लांब आयत आहे, 282 वी, आणि ती कशाविषयी असावी? उधारीच्या कागदाविषयी. मुदतीचे देणे घेतले तर ते लिहून ठेवा. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका. मजकूर कर्जदाराने सांगावा. लेखनिकाने नाही म्हणू नये आणि त्याला त्रासही होऊ नये. दोन साक्षीदार ठेवा. धर्मग्रंथातले सर्वांत लांब वाक्य देवघेवीच्या चिठ्ठीला मिळाले हे मला फार माणसाळलेले वाटले. पण तिथेच दोन पुरुष नसतील तर एक पुरुष आणि दोन स्त्रिया असेही आहे. मी मास्तरांना विचारले. त्या काळात स्त्रियांचा व्यापाराशी संबंध कमी, एक विसरली तर दुसरीने आठवण द्यावी असे आयतीतच कारण दिले आहे, हे नुसत्या आर्थिक व्यवहारापुरते आहे, असे त्यांनी सांगितले. आजचे काही अभ्यासकही तसेच म्हणतात. माझे समाधान झाले नाही, आणि झाले असे मी दाखवलेही नाही. मास्तरांनी त्याचा राग मानला नाही. "चौदाशे वर्षं लोक याच्यावर भाष्यं लिहितायत, ती काय उगीच?" एवढेच म्हणाले. नवव्या-दहाव्या शतकांतल्या तबरींपासून पाहिले तर तफसीरची, म्हणजे भाष्यांची, परंपरा मूळ ग्रंथाच्या कितीतरी पट पसरलेली आहे.

युद्धाच्या आयतींचेही असेच. नवव्या सूरेची पाचवी आयत मोबाइलवरच्या संदेशांतून इतकी फिरते की अनेकांना कुराणातली तेवढीच ठाऊक असते. ती कठोर आहे. करार मोडणाऱ्या अरब टोळ्यांशी चाललेल्या संघर्षाचा तिला संदर्भ आहे, आणि संदर्भ सांगितला म्हणून ती मऊ होत नाही. पण सहावी आयत कोणी पाठवत नाही. त्या अनेकेश्वरवाद्यांपैकी कोणी तुझ्याकडे आश्रय मागितला तर तो दे, म्हणजे त्याला ईश्वराची वाणी ऐकता येईल, आणि मग त्याला त्याच्या सुरक्षित जागी पोचव. तिथेही 'ऐकता येईल' असेच आहे.

आपल्या मातीतला एक माणूस हे ऐकण्याचे काम फार गंभीरपणे करून गेला. विनोबांनी पवनारला अरबी शिकून कुराण मुळातून वाचले आणि पुढे त्यातल्या निवडक आयतींचा विषयवार संग्रह सिद्ध केला. गांधीजींच्या प्रार्थनासभेत फातिहा म्हटली जाई आणि 1947 मध्ये दिल्लीत तिला विरोध झाला तेव्हाही त्यांनी ती सोडली नाही. लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांनी 1858 मध्ये काढलेल्या छापखान्यातून कुराणाच्या शिळाछाप प्रती घरोघर गेल्या. बंगालीतले पहिले संपूर्ण भाषांतर गिरीशचंद्र सेन या ब्राह्मो गृहस्थांनी 1881 ते 1886 या काळात केले. तेव्हा माझ्या ग्रंथालयातल्या त्या धडपडीत नवे असे काही नव्हते.

अठराव्या सूरेत एक आयत आहे: माझ्या पालनकर्त्याचे शब्द लिहायला समुद्राची शाई केली तरी ते शब्द संपण्याआधी समुद्र संपेल, तेवढाच दुसरा समुद्र मदतीला आणला तरीही. ती ऐकताच माझ्या तोंडून शिवमहिम्नातले 'असितगिरिसमं स्यात्' निघाले, लहानपणी घोकलेले. मास्तरांनी ते संपूर्ण म्हणायला लावले, अर्थ विचारला. काजळाचा डोंगर, समुद्राची दौत, कल्पतरूच्या फांदीची लेखणी, पृथ्वीचा कागद, आणि लिहिणारी शारदा. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "एकतिसाव्या सूरेत झाडांच्या लेखण्याही आहेत." मग आम्ही चहा घेतला.

गेल्या वर्षी मास्तरांच्या मुलाने नवी सदनिका घेतली आणि गृहप्रवेशाला कुरआनखानी ठेवली. ही प्रथा सगळ्यांनाच मान्य आहे असे नाही, खुद्द मास्तरांच्या धाकट्या भावाला ती नापसंत आहे, पण तोही आला होता. लाकडी पेटीत तीस पारे वेगवेगळे बांधलेले असतात. जो येईल तो एक उचलतो, भिंतीला टेकून बसतो आणि आपापला पारा आपल्या गतीने वाचतो. तीस माणसे तीस ठिकाणांहून एकाच वेळी वाचत असतात, आणि तासाभरात संपूर्ण कुराण त्या खोलीत म्हणून होते. आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या, त्यांच्यात मी. शब्द वेगळे ओळखू येत नव्हते. नुसता गुंजारव, पोळ्यापाशी उभे राहिल्यासारखा. पेटीत शेवटी एकच पारा उरला, तो मास्तरांच्या नऊ वर्षांच्या नातीने उचलला. अम्मपाराच होता. ती उंबरठ्यापाशी बसून बोट ठेवत मोठ्याने वाचू लागली, आणि एका ठिकाणी थांबली. मागे गेली, पुन्हा आली, पुन्हा थांबली. बाहेरच्या खोलीत मास्तर डोळे मिटून स्वतःचा पारा म्हणत होते. त्यांनी डोळे उघडले नाहीत. आपल्या आयतीच्या मध्ये, श्वास घेतात तेवढ्या जागेत, त्यांनी तिचा पुढचा शब्द टाकला आणि परत आपल्या आयतीवर आले.